परळचा आमदार कोण? एका हरवलेल्या मतदारसंघाची गोष्ट

गेल्या महिन्यात घरातलं लोखंडी कपाट आवरताना आईचं जुनं मतदार ओळखपत्र सापडलं. फोटो एवढा काळा की आई स्वतःच म्हणाली, "ही कोण बाई?" मागच्या बाजूला विधानसभा मतदारसंघाचं नाव होतं : परळ.

भाची कॉलेजात आहे, यंदा पहिल्यांदा तिचं नाव यादीत आलं. तिनं कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मामा, परळ असा मतदारसंघ आहे कुठे? आपला तर शिवडी ना?"

तिचं बरोबर आहे. आज आपण १८३ शिवडी. रेल्वेच्या पलीकडची मंडळी १८२ वरळी. परळ नावाचा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीत शेवटचा होता. २००९ ला मतदान केंद्रावर गेलो तेव्हा तो नव्हता. ना कुठे मोर्चा, ना बंद, ना साधा निषेधाचा फलक. ज्या मतदारसंघानं एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्राचं राजकारण हलवलं, तो असा गुपचूप गेला.

भाचीला तेव्हा पाच मिनिटांत काय सांगणार? म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर चहा घेऊन बसा.

आधी गिरणी, मग मतदार

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला, १८५४ मध्ये कावसजी दावरांनी कंपनी काढली आणि १८५६ ला सूत निघू लागलं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत चिमण्याच चिमण्या झाल्या. कोकणातून, घाटावरून माणसं आली. एका गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची, जेवायला खानावळ. बायको-मुलं गावाला. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की निघायचं.

ही माणसं एका भिंतीला भिंत लावून राहत होती, एकाच गेटातून कामाला जात होती, एकाच गणपतीला वर्गणी देत होती. त्यामुळे मतंही गठ्ठ्यानं पडायची. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट आली तेव्हा कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले ते याच गिरणगावच्या जोरावर. परळ-लालबाग म्हणजे लाल बावट्याचा बालेकिल्ला, असं तेव्हा कुणी भाषणात सांगायची गरज नव्हती. गल्लीत फिरलं की दिसायचं.

१९७०

१९६७ ला परळमधून कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई आमदार झाले. आधी नगरसेवक होते. तालमीत, चाळीत, गिरणीच्या गेटावर असणारा माणूस. शिवसेना तेव्हा वर्षभराचीही नव्हती, १९ जून १९६६ ची तिची स्थापना. पण गिरणगावात दोन्हीकडची पोरं एकाच चाळीतली होती. सकाळी एका नळावर पाणी भरायचं आणि संध्याकाळी समोरासमोर उभं राहायचं.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कृष्णा देसाईंचा खून झाला. निवडून आलेला आमदार स्वतःच्या मतदारसंघात मारला गेला. कम्युनिस्टांनी बोट शिवसेनेकडे दाखवलं, सेनेच्या नेत्यांनी आरोप नाकारला. अंत्ययात्रेची गर्दी पाहिलेले लोक आपल्या भागात अजून आहेत. त्यांना विचारा.

ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. एकीकडे देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसरीकडे शिवसेनेचे वामनराव महाडिक. सहानुभूती कुणाकडे असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी महाडिक जिंकले, दोन हजारांहूनही कमी मतांनी. शिवसेनेचा पहिला आमदार. तो दादर-माहीमचा नव्हता, लाल बालेकिल्ल्यातल्या परळचा होता. मुंबईच्या कामगार वस्तीत लाल बावट्याला ओहोटी लागली ती इथून, असं राजकारणाचे अभ्यासक मानतात.

पण एक गोष्ट आपण विसरतो. परळनं लगेच कुणालाही सातबारा लिहून दिला नाही. १९७२ च्या निवडणुकीत सेनेचा अख्ख्या विधानसभेत एकच आमदार आला, तो गिरगावचा, प्रमोद नवलकर. १९७८ ला एकही नाही. म्हणजे इथला मतदार प्रत्येक वेळी नव्यानं ठरवत होता. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना याच पट्ट्यानं दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं.

संप

१८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाबद्दल आपल्याकडे घराघरात वेगळं मत आहे, आमच्याच घरात दोन आहेत, त्यामुळे डॉक्टर बरोबर की चूक यात आज पडत नाही. फक्त एक मुद्दा लक्षात घ्या, कारण तो विधानसभेशी जोडलेला आहे.

संपाची एक मोठी मागणी पगाराची नव्हती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६, याप्रमाणे गिरण्यांत मान्यताप्राप्त संघटना एकच, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार कुणाच्याही मागे असो, मालकाशी बोलणार ती. कामगारांचं म्हणणं, आमची संघटना आम्हाला निवडू द्या. आता हा कायदा कुठे झालेला? दिल्लीत नव्हे. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात. बदलायचा असता तर तो बदलायची जागाही तीच होती, जिथे आपला आमदार बसायचा.

संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरघळला. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. बायका घरी पोळ्या लाटायला लागल्या. माझ्या पिढीची शाळा त्या पोळ्यांवर झाली.

जमीन

कामगार गेले तरी गिरण्यांची जमीन होती. सुमारे ६०० एकर, शहराच्या मधोमध. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावली आली, त्यातला ५८ वा नियम गिरण्यांचा. साध्या भाषेत : गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. ऐकायला बरं वाटतं.

१९९६ मध्ये सरकारनं वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करून बागा, घरं, रस्ते कसे बसवता येतील हे बघायला. अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली : वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. ज्या जागेवर शेड, गोदाम, चिमणी उभी होती ती वाटणीतून बाहेर. आता गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो फिरवला. लोअर परळला आज जे काचेचं जंगल दिसतं, ते त्यानंतर दाट झालं.

आता इथे थांबा आणि एक प्रश्न विचारा. हे सगळं घडत होतं तेव्हा आपले आमदार किती होते?

१७ आणि १७

उत्तर चकित करणारं आहे. भरपूर होते!

मुंबई शहराला, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईला, तेव्हा १७ आमदार होते. उपनगराला, म्हणजे वांद्र्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंत, तेसुद्धा १७. ही वाटणी १९७१ च्या जनगणनेवरची. तेव्हा शहरात साधारण ३०.७ लाख लोक होते आणि उपनगरात २९ लाख. बरोबरीची वाटणी योग्यच होती.

पुढे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं जागांची फेरवाटणी गोठवली. लोकसंख्या पळत राहिली, नकाशा जागेवर. २००१ च्या जनगणनेत शहर ३३.४ लाख, उपनगर ८६.४ लाख. तरी २००४ च्या निवडणुकीत दोघांना १७-१७. आपल्याकडे एका आमदारामागे दोन लाखांहून थोडी कमी माणसं, उपनगरात पाच लाखांहून जास्त. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात तर ८१ लाख लोकांना १३ आमदार, म्हणजे एकामागे सव्वासहा लाख. बोरिवलीकराच्या, डोंबिवलीकराच्या मताची किंमत आपल्या मताच्या निम्मीसुद्धा नव्हती. अन्याय त्यांच्यावर होत होता, आपल्यावर नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग आला आणि २००८ पासून नवा नकाशा लागू झाला. गणित कुणालाही पाटीवर करता येईल. राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटी, जागा २८८. एका जागेमागे सुमारे ३.३६ लाख. शहराचे ३३.४ लाख भागिले ३.३६ म्हणजे १०. उपनगर २६. ठाणे जिल्हा १३ वरून थेट २४.

सतराचे दहा झाले. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर, माटुंगा ही दहा नावं नकाशावरून गेली. भायखळा, वडाळा आणि सायन कोळीवाडा ही तीन नवी आली. कुलाबा, मुंबादेवी, मलबार हिल, वरळी, शिवडी, माहीम आणि धारावी ही सात नावं राहिली, पण त्यांच्याही हद्दी हलल्या.

यातलं एकेक नाव आठवा. माझगाव म्हणजे १९८५ ला सेनेचा एकमेव आमदार छगन भुजबळ, आणि १९९५ ला त्याच भुजबळांना हरवणारे बाळा नांदगावकर. दादर म्हणजे १९९५ ला मुख्यमंत्री झालेले मनोहर जोशी. चिंचपोकळी म्हणजे २००४ ला निवडून आलेले अरुण गवळी. काही माणसं नकाशा बदलला तरी तरली. कालिदास कोळंबकर १९९० पासून नायगावचे, २००९ पासून वडाळ्याचे. पक्ष तीन झाले, मतदारसंघाचं नाव बदललं, आमदार तेच. नांदगावकर २००९ ला मनसेकडून नव्या शिवडीत जिंकले. २०१४ पासून तिथे अजय चौधरी आहेत.

मग नक्की गमावलं काय?

"आमचा परळ मतदारसंघ खाल्ला" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. लोक जिथे, जागा तिथे, हा नियम योग्यच आहे. आणि आपले लोक तिकडेच गेले होते ना! दहा बाय बाराची खोली, तीन भाऊ. थोरल्याचं लग्न झालं की मधला डोंबिवलीला, धाकट्याचं ठरलं की तो विरारला. परळच्या हरवलेल्या जागा ठाण्या-पालघरकडच्या नकाशात सापडतील. मत दिलं आपल्याच माणसांनी, फक्त पत्ता बदलून.

मला सलतं ते दुसरंच. १९८२ ते २००८ या काळात गिरणगावकडे लोकसंख्येच्या हिशेबानं हक्काहून जास्त आमदार होते. १९९५ ते ९९ या काळात तर मुख्यमंत्री दादरचे आणि विधानसभेचे अध्यक्ष दत्ताजी नलावडे वरळीचे. सत्तेच्या एवढं जवळ आपण आधी कधी नव्हतो आणि नंतरही नाही. त्यानंतर दुसऱ्या आघाडीचं सरकार आलं, त्यातही इथले आमदार होते. ४६ चा कायदा, ५८ वा नियम, कोरिया अहवाल, २००१ ची दुरुस्ती, सगळं राज्य सरकारच्या हातातलं. तरीही जमीन गेली आणि जमिनीबरोबर माणसं टिकायची शक्यता गेली.

म्हणजे आमदारांची संख्या आपल्याला वाचवू शकली नाही. आपण आमदाराकडे मागितलं तरी काय? मंडळाला देणगी, मैदानाला फ्लडलाइट, चाळीला लाद्या, पोराच्या शाळेच्या प्रवेशाला चिठ्ठी. दहीहंडीला यायला उशीर झाला तर आपण रुसायचो. ५८ व्या नियमावर विधानसभेत काय बोललात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी विचारलं नव्हतं. तेव्हा मला तो नियम माहीतही नव्हता.

दिवसाचं परळ, रात्रीचं परळ

आजची परिस्थिती अजून विचित्र आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ या वेळात परळमध्ये जी माणसं असतात, त्यातली बहुतेक इथली मतदार नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण. गिरणीच्या जागी ऑफिसं आली, पण पूल, जिने, गल्ल्या गिरणीच्या काळातल्याच. त्या पुलावरून रोज जाणारा माणूस कल्याणला नाहीतर नालासोपाऱ्याला मत देतो. त्याचा आमदार या पुलाबद्दल बोलत नाही, कारण पूल त्याच्या हद्दीत नाही. आणि पुलाच्या हद्दीतला आमदार या माणसाला उत्तर द्यायला बांधील नाही, कारण तो त्याचा मतदार नाही. लष्कराला बोलवून पूल बांधावा लागला तो असा.

आता पुढचं

हे सगळं जुनं उगाळायचं कारण आता येतो.

नवी जनगणना होतेय, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. घटनेप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे हे जागांच्या फेरवाटणीचा पाया धरायचे आहेत. २०११ ला शहराची लोकसंख्या ३०.८५ लाखांवर उतरली होती. त्या आकड्यावर आणि २८८ जागांवर हिशेब केला तर शहराला ८ जागा येतात. हा माझा पाटीवरचा हिशेब आहे, कुणाचा निर्णय नव्हे. नवे आकडे वेगळे असतील, एकूण जागाही बदलू शकतात. पण दिशा कळते. सतरा, दहा, आणि आता कदाचित आठ.

त्याच वेळी दोन गोष्टी चालू आहेत. एक, बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. देखभाल खर्च परवडेल का, हा प्रश्न खरा आहे. पण माणूस आपल्या पत्त्यावर राहिला. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आहेत, त्यांचं घोडं अजून अडलेलंच.

दुसरी, गिरणी कामगारांची घरं. लाखाहून जास्त अर्ज आणि त्यातल्या मोठ्या संख्येला शेलू-वांगणीचा पर्याय. ज्या कामगाराच्या घामावर ही ६०० एकर जमीन सोन्याची झाली, त्याला कर्जत लोकलनं दीड-दोन तास लांब. घर मिळेलही. पण त्याचं मत, त्याच्या मुलांचं मत, नातवंडांची जनगणनेतली नोंद, सगळं तिकडे. घर कुठे द्यायचं हा निर्णय घेताना सरकार मतदारसंघाचा नकाशासुद्धा काढत असतं, मनात असो वा नसो.

म्हणून मला वाटतं, या वेळी भांडण "आमचे आमदार कमी करू नका" असं नसावं. ते आपण हरू, आणि हरणं न्यायाचंच असेल. भांडण इथे राहायच्या हक्काचं असावं. इथली माणसं इथे राहिली तर जागा आपोआप राहतील.

तीन साधी कामं आहेत. जनगणनेचा माणूस दारात आला की घरातले सगळे मोजून द्या, गावच्या घरी नोंद करून इथली गाळू नका. परिसीमनाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात आणि जाहीर सुनावणी घेतात. गेल्या वेळी आपल्या चाळीतून एकही अर्ज गेला नव्हता, या वेळी जाऊ दे. कारण एकदा अंतिम आदेश निघाला की कोर्टातही त्याला हात लावणं फार कठीण. आणि तिसरं, पुढच्या निवडणुकीत उमेदवार चाळीत आला की लाद्यांचं नंतर विचारा. आधी विचारा, शेलू-वांगणीबद्दल सभागृहात काय बोलणार?

आईनं ते कार्ड टाकू दिलं नाही. म्हणाली, "राहू दे, त्यावर परळ लिहिलंय." देवघराच्या खणात ठेवलंय आता.

तुमच्या घरात असं जुनं कार्ड असेल, माझगाव, नायगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, कुठलंही, तर मतदारसंघाचं नाव आणि सध्या राहता ते ठिकाण, एवढंच कमेंटमध्ये लिहा. कार्डाचा फोटो किंवा नंबर मात्र टाकू नका. बघू या, हरवलेले दहा मतदारसंघ आज कुठकुठे राहतायत.